पाऊण

लोवेल, खोली नंबर बारा. खिडकीबाहेर मळका बर्फ.
आज अपूर्णांक.

डेक्लन उभ्यानेच शिकतो; त्याची खुर्ची
मीच कोपऱ्यात सरकवून ठेवलीय.
मारिसोलला अक्षरं उड्या मारताना दिसतात,
तिच्या हाती नुसता कागद, घड्या घालायला.

रतनक सप्टेंबरपासून गप्प.
फळ्यावर माझा तीन छेद चार
कोरडाच.

मग संत्रं सोलते. चार वाटे. एक माझ्या तोंडात.
उरलं किती?

माझ्याच जिभेवर आधी येतं: पाऊण.
इंग्रजीत याला एकटा शब्द नाही,
इथे कुणाला सांगू?

रतनक चार बोटं उघडतो, एक मिटतो,
ख्मेरमध्ये काहीतरी पुटपुटतो.

डेक्लन ओरडतो, ‘बरोबर!’
त्याला ख्मेर येत नाही.
मलाही.