शेवटचा हप्ता

आमच्या लाँड्रीत अजून एक सूट टांगलेला आहे,
राखाडी, दोन बटणांचा, पावती क्रमांक चारशे बारा.
बेर्तोलोत्ती नावाचे गृहस्थ तो टाकून गेले
एकोणनव्वदच्या मे महिन्यात, इथेच, बुएनोस आयरेसला,
आणि न्यायला आले तेव्हा
पावतीवरच्या आकड्यात साबणाची वडीही येत नव्हती.
बाबा म्हणाले, आजचा दर द्या.
ते म्हणाले, पावती म्हणजे दिलेला शब्द.
दोघांचंही खरं होतं.
सूट राहिला.

बाबा सकाळी फळ्यावर दर लिहायचे,
दुपारी पुसून पुन्हा लिहायचे,
संध्याकाळी खडू महाग झाला म्हणून
वाफेने धुरकटलेल्या काचेवर बोटानेच.
(हे शेवटचं मी रचून सांगितलं.
पण तुम्हाला पटलं ना? तसेच दिवस होते.)

ओकिनावाला एकदा जाऊन यावं म्हणून
आईने एकवीस वर्षं साठवलेलं
एका हिवाळ्यात आटलं:
आधी जाण्यायेण्याचं विमान,
मग नुसतं जाण्याचं,
मग एक जोडी बूट.
तिने बूट घेतले.
ते चावायचे.

आणि लपवायचं कशाला,
त्याच वणव्यात आमची एक झोळी भरली.
कपडे दाबायचं यंत्र हप्त्यांवर घेतलेलं;
पहिल्या हप्त्यापायी आईचं शिलाई मशीन गेलं होतं,
शेवटचा हप्ता एका कॉफीच्या भावात फिटला.
यंत्रवाल्या गुस्मानने नोटा मोजल्या नाहीत.
टोपी हातात धरून तो दारात उभा राहिला,
जणू आमच्याकडे कुणी गेलं होतं.

सेइजी, माझा धाकटा, पुढच्याच वर्षी जपानला गेला.
त्सुरुमीला इमारतींमध्ये वायरिंग करायचा.
लिहायचा, इथे पैसा ठेवला तिथेच बसून असतो, ताई,
शहाण्या मुलासारखा.
घर घेतलं. पस्तीस वर्षांचं कर्ज.
भाव आता याहून काय उतरणार, म्हणाला.

उतरले.
इथे सगळं स्वस्त होतंय, असं पत्र आलं,
मी उलट लिहिलं, मग साखर वाट की!
सहा महिने उत्तर नाही.

वहिनी फ्रिज घेणार होती. थांबू, पुढच्या महिन्यात उतरेल.
उतरला. अजून थांबू.
दुकानदारही गिऱ्हाइकासाठी थांबला,
आणि एका सकाळी शटर वर गेलंच नाही.
मालकाने बोनस थांबवला, मग पगाराचा कोपरा कापला,
तोमोयाला कायमची नोकरी नाही म्हणून त्याने लग्न थांबवलं.
लग्न काही स्वस्त व्हायचं नाही, मी फोनवर म्हटलं.
कुणी हसलं नाही.
सगळं उतरत होतं,
एक हप्ता सोडून.
आकडा तोच, येनचाही फरक नाही,
पण उचलताना दरवर्षी जड.
घर विकून टाकलं तरी निम्मं कर्ज
घराशिवाय फेडत बसावं लागलं असतं.

कुठलं जास्त वाईट, मला विचारतात,
जणू मी दोन साबण वापरून बघितलेत.
एकदा बोलून गेले:
तापाने फणफणलेल्या माणसाभोवती घर निदान जागं असतं;
गारठलेला माणूस झोपलाय असंच वाटतं सगळ्यांना.
बोलले, आणि कपाटातून
आईचे बूट माझ्याकडे बघत राहिले.

परवा सेइजीचा फोन.
तो सूट आहे का गं अजून?
निवृत्तीच्या समारंभाला हवाय.
नवा घे की, म्हटलं.
नको, म्हणाला, सवय गेली.

सूट उतरवला. कॉलरला वाफ दिली.
पावती खिशातच राहू दिली;
त्या चलनाचं आता नावही उरलेलं नाही.
पोस्टात गेले, जपानला किती पडेल विचारलं.
खिडकीतल्या मुलाने मान वर केली.
आज पाठवताय, म्हणाला, की उद्या?