हात लावून बघ

मधल्या सप्तकाचा ग गेला
विडी घरकुलातल्या एका हळदीत.
अकरा वर्षांचा माझा कीबोर्ड
दात पडलेल्या पोरासारखा हसत राहिला रात्रभर.
मी ग टाळून वाजवलं. कुणाला कळलं नाही.
इरण्णाला कळलं.
त्यानं ढोलकीवर एक थाप जास्तीची टाकून
भोक बुजवलं.

मग नवी पेठ. दुपारचे दोन, बाहेर त्रेचाळीस,
शटर अर्धं, आत कूलरला ओल्या वाळ्याचा वास.
बुरबुरेनं दोन मांडून ठेवलेले.
काळा: कोरा, सातशे रिदम, पेनड्राइव्ह, रंगीत पडदा,
डाव्या हातानं एक कॉर्ड धरली
की आख्खा ऑर्केस्ट्रा खडा होतो.
सनई मात्र शाळेच्या गॅदरिंगमधली.
राखाडी: सेकंडहँड, कुण्या गुलबर्ग्याच्या पार्टीचा,
पडदा बोटभर, रिदम निम्मे,
जॉयस्टिक जरा सैल,
पण स्पीकर पोटातून बोलणारे.

फिल-इन दाबून पाहिला.
काळ्याचा येतो तो ठोक्यावर,
भांग पाडून, नव्या कारकुनासारखा.
राखाडीचाही वेळेतच येतो,
पण शर्टाची बटणं लावत लावत.

अम्मा सोबत होती. पैसे तिच्या फंडाचे.
म्हणाली, दोन्हीचा आवाज बंद कर.
बुरबुरे हसला. मी व्हॉल्यूम शून्यावर नेला.
तिनं अंगठा आणि तर्जनी पदराला पुसली
आणि एकेक पट्टी दाबत गेली,
काळी का पांढरी ते न बघता,
जसं पान बघते:
भिजलंय किती, शीर कुठनं गेलीय,
वळताना फाटेल का.
काळ्यावर म्हणाली, याला परत यायची घाई फार.
राखाडीवर थांबली.
हे बोटाचं ऐकतं.
पुढं तेलुगूत काहीतरी, स्वतःशीच.
टच रिस्पॉन्स म्हणतात त्याला, मी म्हणालो.
म्हणत असतील. सत्तावीसला देतो का विचार.

एकोणतीसला दिला. कव्हर फुकट.
रिक्षात मांडीवर आडवा घेऊन
अशोक चौकातून येताना
दोन्ही बाजूंनी माग खडखडत होते,
आणि मी बोटांनी टेम्पो शोधत होतो त्यांचा:
एकशे अठरा, नाही, एकशे बावीस,
मग एका कारखान्याची लाइट गेली.

राखाडीत एक सोय आहे, बुरबुरेला नीट माहीत नव्हती:
आपला रिदम आपण भरायचा.
चार आवर्तनं दिली
की यंत्र ती फिरवत बसतं, बटण बंद करेपर्यंत.
इरण्णाला बोलावलं. पाळी सुटल्यावर आला,
भुवयांवर सुताचा भुगा तसाच.
ढोलकी मांडीवर घेतली, शाई तळव्यानं चोळली,
एक घुमारा काढला, माइककडं पाहिलं,
लाल दिव्याकडं पाहिलं.

हे एकदाच वाजवायचं?
एकदाच.
आणि मग लग्नात?
लग्नात तू असशीलच की, मी म्हणालो,
जरा पटकन म्हणालो.

तो ढोलकीची दोरी ओढत राहिला,
ओढायची गरज नव्हती.
मग म्हणाला,
हिशोब कसा धरणार,
नगावर
का हजेरीवर?

अम्माची कात्री सुपात थांबली.
राखाडी मोजत होता, टिक टिक,
एक दोन तीन चार,
एक दोन तीन चार.