एका पानात

कास्त्रोच्या वाचनालयात, खिडकीलगतच्या टेबलाशी
मी लोकांचे अर्ज टंकून देतो.
मंगळवारी एदुविहिस बोर्केस आल्या,
पलीकडच्या बेटावरून, पहिल्या लाँचने, बूट ओले.
शाळा बंद झाली म्हणाल्या,
दूध संपलं म्हणावं तशा.

‘सगळं एका पानात बसवायचं,’ मी म्हटलं,
‘आणि क्रियापदं जोरकस हवीत.’
‘क्रियापदंच शिकवली रे सव्वीस वर्षं.’

पटसंख्या?
‘सुरुवातीला एकोणीस. शेवटी रोसेन्दो.’
माझी बोटं अडली.
एक हा आकडा कागदावर
फार एकटा दिसतो. गाळूया?
‘लिही. रोज हजर असायचा.’

इतर जबाबदाऱ्या:
बंब पेटवणं, होडी वल्हवणं, उवा काढणं.
मी त्याचं ‘आरोग्य व वाहतूक व्यवस्थापन’ केलं.
बाईंनी दोनदा वाचलं
आणि उवा परत आणायला लावल्या.

२०१३ पुढे काहीच नाही.
मी विचारलं नाही,
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, भरती किती चढलीय ते.

सहा प्रती निघाल्या, गरम.
त्यांनी पिशवीतून लाल पेन्सिल काढली,
चाकूने टोक केलेली.
आडनावातल्या ‘ओ’वरची तिरकी रेघ
माझ्याकडून राहून गेली होती.
सहाही कागदांवर त्यांनी ती दिली, सावकाश,
आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.
‘आता तुझं नाव लिहून दाखव.’