सासऱ्यांना वास येत नाही

दोन हिवाळ्यांमागच्या तापात
माझ्या सासऱ्यांच्या नाकातून वास गेला तो गेलाच.
निखाऱ्यावरचे सार्डिन, शेजारच्या दोना जेर्त्रुदिसचं अत्तर,
स्वतःचा डिझेलने माखलेला स्वेटर:
त्यांच्या लेखी सगळी नुसती हवा.

म्हणून मी म्हणाले, "गाडी गळतेय,"
तेव्हा त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला,
कुणी लेकीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवावेत
तसे माझ्याकडे पाहिले.
"कामिन्याच्या स्टँडवर एकोणतीस वर्षं टॅक्सी होती ही.
गळत नाही.
सकाळी जरा उशिरा उठते, वय झालं."

लक्झेंबर्गहून एल्देर फोनवर म्हणाला, विकून टाका.
तो तिकडे लोकांची गॅरेजं बांधतो.
आम्ही फोन स्पीकरवर ठेवून
काही बोललो नाही.

पाणी कुठं मुरतंय ते कळेना,
मग मी स्वयंपाकघरातून मैदा आणला, चाळण आणली,
आणि वाढदिवसाच्या केकवर साखर भुरभुरावी
तसा थंड इंजिनावर मैदा चाळला.
गाडी सुरू केली. पंख्याने निम्मा मैदा
अदेरितु म्हाताऱ्याच्या भुवयांवर उडवला.
उरलेल्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्टरपाशी,
हळूहळू राखाडी कणीक भिजत गेली.

ते बघत राहिले बराच वेळ.
"जिथून डिझेल बाहेर येतं
तिथूनच रात्री हवा आत जाते," म्हणाले,
"म्हणून सकाळी खोकते."
म्हणजे ठाऊक होतं त्यांना. वास सोडून सगळंच.

वालेन्साच्या ट्रॅक्टरवाल्याकडून
मीटरभर नळी आणली, वरून सुती वीण असलेली.
जुन्या नळ्या शिळ्या बिस्किटासारख्या तुटल्या.
त्यांची बोटं आता वळत नाहीत,
माझी वळतात, पण त्यांना काही येत नाही.
"ओढू नकोस. पिळत ढकल.
अगं, गाय नाहीये ती."
ब्लेडने तीन तुकडे कापले, एक आखूड झाला,
पुन्हा कापला.
मग हातपंप: खाली वर, खाली वर,
आधी पोकळ, मग जड,
मग अंगठ्याला कुणी आतून उलटं ढकलतंय असं.
"बास."

किल्ली अर्धी फिरवून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो.
गाडी पहिल्या हाकेला उठली.
सासऱ्यांनी एकेका नळीवरून बोट फिरवलं:
कोरडी. कोरडी. कोरडी.
"बघ."
"वास येतोय," मी म्हणाले.
"कोरडी आहे."
"येतोय."

ते गप्प झाले.
नदीपलीकडे, स्पेनमध्ये, कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.
त्यांनी विचारलं, "कुठून?"
माझं नाक त्या माणसाने
पहिल्यांदाच हत्यारासारखं मागितलं.
मी केस मागे बांधले, वाकले,
गरम लोखंडावरून पुढून मागे हुंगत गेले
आणि चौथ्या इंजेक्टरपाशी थांबले.

"टोपण," ते पुटपुटले.
शेवटच्या टोकाला, जिथून नळी पुढे कुठेच जात नाही,
तिथे करंगळीच्या पेराएवढं एक बूच असतं.
सगळे तेच विसरतात.
त्यांनी उरलेल्या नळीचा बोटभर तुकडा मागितला,
खिशातला एक स्क्रू त्यात गच्च बसवला
आणि वाकड्या बोटांनी स्वतःच लावला.
मी हात पुढे केला नाही.

"आता?"
"येतोय."
"कशाचा?"
"पाव भाजल्याचा. मैदा करपतोय."
ते हसले. भुवयांतून थोडं पीठ सांडलं.

रात्री गाडीखाली बकाल्याउच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला.
सकाळी दोघेही चपला न घालता अंगणात.
पुठ्ठ्याच्या मधोमध एक काळा डाग,
नाण्याएवढा, चकचकीत.

"ते ऑइल," सासरे म्हणाले,
"ते वेगळं,"
आणि कॉफी ठेवायला आत गेले.