छापा-काटा

अ‍ॅन्सल क्रायडर येतो मंगळवारी.
बुटांवरचं बर्फ दाराबाहेरच झाडतो,
तीनदा उजवा, दोनदा डावा,
मग घडीच्या रुमालातून काउंटरवर ठेवतो
आठवडाभर स्वतःशी घातलेला वाद.

पाच डॉलरचं सोनं. अठराशे आठ.
मी सोनारीण, मला आधी दिसतं सोनं:
बावीस कॅरट, पावणेनऊ ग्रॅमला जरा कमी,
कडेला एक जुना डाग, कुणीतरी घाईत दिलेला.
त्याला सोनं दिसतच नाही.
त्याला दिसतं पोलाद,
आणि पोलादावर वाकलेला एक माणूस,
ज्याच्या पगाराला उशीर झालाय.

"बघ, ओडेट," भिंग माझ्या डोळ्याला टेकवत म्हणतो,
"आठाच्या पोटात सात.
गेल्या सालचा साचा उरला होता, टाकवेना.
ठोकला वरून आठ.
सात गेला नाही. आत बसून राहिला."

यानं चाळीस वर्षं डेटनच्या कारखान्यात
गल्ल्याच्या यंत्रांसाठी आकड्यांचे ठसे कोरले,
सगळे उलटे.
अजून चेक लिहिताना त्याचा सात
क्षणभर आरशात जाऊन येतो.

छाप्याचा साचा वेगळा, काट्याचा वेगळा.
कुठला कुणासोबत दाबला गेला
त्याला हे लोक लग्न म्हणतात, गंभीर चेहऱ्यानं.
एक तडकला की दुसऱ्याला नवा जोडीदार.
क्वचित असंही होतं
की मधे कुणी येऊन जातं
आणि जुनी जोडी पुन्हा एकत्र येते, तड्यासकट.
त्यालाही शब्द आहे त्यांच्याकडे.
तो शब्द अ‍ॅन्सल मला सांगतो
खिडकीकडे बघत.
व्हर्ना नदीपलीकडे राहते, अकरा वर्षं झाली.
तिच्या छपराचं बिल अजून याच्या पत्त्यावर येतं
आणि हा ते भरतो, कुरकुर न करता.

"हा डाग काढ," तो म्हणतो.
"तेराव्या ताऱ्यापासून कडेपर्यंत तडा असेल
तर हे दुसऱ्या वेळचं.
नसेल तर पहिल्या.
नेमका तिथंच बसलाय मेला."

मी ज्योत पेटवली. बारीक केली.
मग विझवली.
कारण भिंगातून दिसला तो गाल,
देवीचा, गुळगुळीत झालेला,
खिशातल्या नाण्यासारखा नव्हे, एकाच बाजूनं,
लोकरीच्या शालीवर रोज घासून.
पाठीमागचा गरुड मात्र कोरा करकरीत,
अजून पिसं मोजता यावीत असा.
कुणीतरी ब्रोच केला होता याचा.
कुणीतरी रोज सकाळी गळ्यापाशी टाचायची.

मी म्हटलं, "अ‍ॅन्सल,
पाचाचं सोनं पाचाहून महाग झालं
तेव्हा याची भावंडं कुठं गेली, तूच सांगितलंस."
"मुशीत."
"पोत्यांनी?"
"पिंपांनी."
"आणि हे?"

तो बराच वेळ बोलला नाही.
हीटर टकटक करत होता.
डाग म्हणजे जोड, डाग म्हणजे कलंक,
डाग म्हणजे अंगावरचा दागिना:
एवढ्याशा गोळीनं धरून ठेवलं होतं
याला, एका बाईच्या अंगाशी.

खिशातून चौकोनी पाकीट काढलं त्यानं,
पेन्सिलीनं, त्या सुबक कारखानी अक्षरात लिहिलं:
साल, साचा, वजन.
लग्न कितवं, त्यापुढं रेघ मारली,
खोडलं नाही, भरलंही नाही.

"पिन नवी बसवून देशील?
त्याच डागावर. किती होतील?"
"बारा."
बारा मोजले. कागदाचे.
वस्तू कुणाच्या नावे, मी विचारलं,
पावतीला नाव लागतं.
त्यानं घसा साफ केला
आणि एकेक अक्षर सांगायला लागला,
जणू मला ते नाव लिहिता येणार नाही.

मग उठला, टोपी घातली,
आणि कोरडे बूट झाडले,
तीनदा उजवा, दोनदा डावा,
दाराच्या आतच.