निफाडात पळायला कुठे जायचं

बदलीवर येऊन तिसराच दिवस तुझा,
माझं पासबुक छापता छापता
साडीखालचे बूट बघितलेस आणि विचारलंस,
"मावशी, इथं पळायला कुठे जातात?"
मागची रांग हसली.
इथं पळतात ते एसटीमागे,
नाहीतर दावं तोडलेल्या वासरामागे.

तर ऐक. पहिली वाट पाटाची.
भरावावरून सरळ, माती मऊ,
एका अंगाला बाभळी, काटे बघून पाय टाक.
आवर्तन सुटलेलं असेल तर पाणीही बरोबर पळतं
आणि खरं सांगते, तेच जिंकतं.
पाट कोरडा असला की तळाशी चपला दिसतात,
एकेक. जोडी कुणाचीच नाही.
तिसऱ्या मोरीवर भिवा पाटकरी भेटेल.
मला पहिल्या दिवशी म्हणाला, "कोण वारलं?"
बाई पळते म्हणजे कुणीतरी गेलंय
किंवा तीच निघालीय घर सोडून;
तिसरं कारण त्याच्या ऐकण्यात नव्हतं.
मी धापा टाकत म्हटलं, "साखर. तीनशे दहा."
त्यानं टोपी काढली, बाजूला झाला,
जणू तीनशे दहा हे कुणा मयताचं नाव.

दुसरी कादवेच्या काठानं. ही थंडीत.
कुंदेवाडीत पारा चारावर उतरला की
बागाबागांतून शेकोट्या पेटतात,
धूर नदीवर आडवा पडून राहतो.
आपण धुरात आहोत की धुक्यात
ते नाक सांगतं, डोळे नाही.
द्राक्षाचे घड कागदात गुंडाळलेले,
परदेशी जायचंय म्हणून उन्हाला तोंड न दाखवणारे.
आपण काळ्या पडू. पडू दे.
ब्लोअरचा आवाज आला तर मात्र
पदर, ओढणी, असेल ते नाकाला लाव
आणि वाऱ्याच्या वरच्या अंगानं निघ.
गंधकाचा वास केसांत दोन दिवस राहतो.

रविवारी रिक्षानं नांदूर मध्यमेश्वर.
तिथं पळू नकोस फार,
हळदीकुंकू बदकं एकदम उठतात
आणि दुर्बीण लावून बसलेली माणसं
आपल्याकडे अशी बघतात, की नको.
शेकाट्या उभे असतात उथळ पाण्यात,
लाल काड्यांवर, गुडघे उलटे;
माझे बघून हसत असावेत.

उसातली वाट मी सांगणार नव्हते.
ती सगळ्यांत गार, सगळ्यांत सरळ,
दोन्हीकडून पानं अंगाला लागतात.
मागच्या वर्षी तिथं पिंजरा लावला वनखात्यानं,
आतल्या कप्प्यात केरू पिठेकरची शेळी.
बिबट्या यायचा होता, आले मी.
ती ओरडली नाही. बघत राहिली,
मीही थांबले, छाती भात्यासारखी.
ती बांधलेली, मी सुटलेली,
घाबरलेलं कोण ते कळेना.
पिशवीतली अर्धी भाकरी गजांतून सारली
(साखरवाल्या माणसाजवळ काहीतरी असावं लागतं)
आणि घरी आले ते चालत.
पंधरा दिवस बूट माळ्यावर.
बिबट्या आलाच नाही. शेळी घरी परतली,
केरू तिला आता बिबटी म्हणतो,
ती हाकेला ओ देते.
मी मात्र त्या वाटेला परत
निम्म्यापर्यंतच गेले आहे. दोनदा.

मोबाइलवर किलोमीटर मोजू नकोस सुरुवातीला.
मोरीला मोरी जोड,
मग मोरीला बाभूळ, बाभळीला वीजमोटारीची खोली.
दम लागला तर लाजायचं नाही, वाकायचं नाही,
कमरेवर हात ठेवून पिकाकडे बघायचं;
लोकांना वाटतं, पाहणीला आलीय.

उद्या पावणेसहाला पाटाच्या पहिल्या पुलावर ये.
पाच मिनिटं थांबेन, सहावं नाही,
नातवाचा डबा असतो.
आणि भिवा विचारेलच.
साखर हे माझं उत्तर आहे, ते उसनं घेऊ नकोस.
तुझं काय ते
तिसऱ्या मोरीपर्यंत ठरव.