दर दोन दिवसांनी दुप्पट

रायबंदरच्या लॅबमध्ये नऊ वर्षं
दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे वाचते मी.
आज नळीवर माझंच नाव:
उर्वी कुंडईकर, वय चौतीस.
रक्त काढलं आनासियाने, न बोलता.
तिला मागच्या वर्षीचा आकडा ठाऊक आहे,
दुप्पट व्हायचा राहिलेला.

शनिवारी एकशे बारा.
आज, सोमवारी, दोनशे एकेचाळीस.
मशीनला दोनदा विचारलं,
तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

खसखशीच्या दाण्याएवढं तू,
तोंड नाही, कान नाहीत,
तरी निरोप धाडलास: पाळी थांबवा.
आणि अंडाशयातली ती पिवळी गाठ,
जी या आठवड्यात विरून जायची,
निमूट प्रोजेस्टेरॉन गाळत बसली आहे
वार कामावर रुजू होईपर्यंत.
तिच्यामुळेच फेरीबोटीत
स्कूटरला टेकून उभ्याउभ्या डोळा लागतो,
आणि शेजारच्या पिशवीतला बांगडा
थेट घशाशी येतो.

चोडणच्या बांधावर माझे सासरे मानशेकार.
मानस म्हणजे खाजनाची लाकडी दारं.
भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात,
खारं पाणी भातात शिरू नये, एवढंच काम.
काल मी त्यांना काहीच सांगितलं नाही.
फक्त विचारलं, दार मिटलेलं राहतं कशानं?
"पाण्याच्याच जोरानं," म्हणाले,
"आम्ही नुसतं शेवाळ खरवडतो."

पुढचं पुस्तकात वाचलंय.
रिलॅक्सिन कंबरेचे सांधे सैल करील.
वार माझ्या इन्सुलिनला जुमानणार नाही,
माझी साखर तुझ्या वाटेला वळवील;
चोरीच, पण घरातली.
आणि एका ओहोटीला ऑक्सिटोसिन,
कळ, कळीवर कळ,
मग दूध, प्रोलॅक्टिनच्या भरवशावर.
पण ही सगळी पुढची पानं.
मी दोनशे एकेचाळीसवर बोट ठेवून आहे.

रिपोर्टचा कागद आनासियाने दुमडून दिला
आणि डब्यातलं लोणचं माझ्याकडे सरकवलं.
त्यावर आम्ही दोघीही हसलो नाही.

बुधवारी पुन्हा नळी.
संध्याकाळची फेरी चोडणला लागते,
फळी खाली येते, स्कूटरी घुरघुरतात.
मला कुणीतरी मागून हॉर्न देतं.
चारशे ब्याऐंशी, मी म्हणते,
आणि हळू, खड्डा चुकवत, वर चढते.